टेन्शन आणि ताण

गेल्या शुक्रवारी रिलीज होता. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. आमच्या टीममधला नवा मुलगा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "देअर इज अ लॉट ऑफ टेन्शन इन द टीम." झालं! आमची आपापसात जुंपलीय असा तिकडे समज झाला. पुढची वीस मिनिटं मी खुलासे करत होतो आणि तो मुलगा खाली मान घालून बसला होता.

खरं तर त्याला म्हणायचं होतं 'नर्व्हस'. इंग्रजीत टीममध्ये टेन्शन म्हटलं की माणसामाणसांतला तणाव. आपण मात्र या शब्दाला मराठी व्याकरण शिकवलंय. राग येतो तसं टेन्शन येतं. ते देता येतं, घेता येतं. धाकधूक, घालमेल कधी कोणी 'घेतलीय' का?

शनिवारी या शब्दाचं मूळ शोधत बसलो. लॅटिनमध्ये 'तेन्देरे' म्हणजे ताणणे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ साधा शारीरिक ताण होता. मनाचा ताण हा अर्थ नंतरचा. आणि आपला 'ताण'? तो संस्कृत 'तन्' धातूचा. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात म्हणाला होता. 'तन्' आणि 'तेन्देरे' हे त्याचं चोख उदाहरण. म्हणजे टेन्शन आणि ताण हे चुलतभाऊ! तंतू त्याच घरातला, आणि तंत्रही. तंत्र म्हणजे मुळात माग, त्यावर ताणलेले धागे. तेव्हा तंत्रज्ञानात टेन्शन असणारच.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमारे एक कोटी शब्दचिठ्ठ्या जमवल्यात. पस्तीस खंड निघाले तरी गाडी 'अ'वरच होती. 'तन्' यायला किती पिढ्या लागतील कोण जाणे. ज्यांनी काम सुरू केलं त्यांना शेवट दिसणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक असणार. आमचा रिलीज एक दिवस लांबला तर झोप उडते.

सोमवारी तो मुलगा कॉलवर गप्पच होता. नंतर चहाला नेऊन त्याला सांगितलं, "तिकडे 'नर्व्हस' म्हण. माझ्याजवळ टेन्शन आलंय म्हटलंस तरी चालेल. पण बोलत जा."