जिगसॉ : एका धड्याचे सहा तुकडे



शाळेतला ग्रुप प्रोजेक्ट आठवतोय? आमच्या गटात तक्ता एकटी मुलगी रंगवायची आणि खाली नाव लिहायला आम्ही सगळे हजर! त्यामुळे ‘मुलं गटात छान शिकतात’ असं कुणी म्हटलं की मला हसूच यायचं. मग मी ऑस्टिनची गोष्ट वाचली.

साल १९७१. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ऑस्टिन शहर. वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य, असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९५४ मध्येच सांगितलं होतं. आता कुठे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली होती. आणि झालं काय? मारामाऱ्या.

मदतीला बोलावलं मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरॉन्सन यांना. ते सरळ पाचवीच्या वर्गात जाऊन बसले. शिक्षक प्रश्न विचारणार, मुलं हात वर करणार. एकाला संधी मिळाली की बाकीच्यांच्या मनात एकच, याचं चुकू दे! रोज हीच शर्यत. ज्यांचं इंग्रजी कच्चं, ते सुरुवातीपासूनच मागे.

अ‍ॅरॉन्सन यांच्या टीमनं पाच-सहा जणांचे मिश्र गट केले. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या चरित्राचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. उरलेलं चरित्र सोबत्यांकडून ऐकायचं. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर, ज्याची त्यानं द्यायची. तुकडे जोडायच्या कोड्यावरून पद्धतीचं नाव पडलं, जिगसॉ.

अ‍ॅरॉन्सन एका मुलाबद्दल सांगतात. त्याला ते कार्लोस म्हणतात. इंग्रजी त्याची दुसरी भाषा. आपला तुकडा सांगताना तो अडखळला आणि गटातली मुलं चिडवायला लागली. तेव्हा देखरेख करणाऱ्या व्यक्तीनं एवढंच सुचवलं, की चिडवून त्याच्याकडची माहिती मिळणार नाही, आणि परीक्षा तर जवळ आलीय. हळूहळू मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला लागली. तो बोलता झाला. मग त्यांना कळलं, हा ‘ढ’ नाहीच!

काही आठवड्यांतच फरक दिसला. जिगसॉच्या वर्गांतली मुलं एकमेकांना जास्त आवडायला लागली, त्यांचा आत्मविश्वास वाढला. अल्पसंख्याक मुलांचे मार्क सुधारले आणि गोऱ्या मुलांचे घसरले नाहीत.

आमचा ग्रुप प्रोजेक्ट कुठे फसला, ते मला तेव्हा उमगलं. आम्ही शेजारी बसायचो, पण आमचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं. ऑस्टिनमध्येही नुसतं एका वर्गात बसवून भिंत पडली नाही. कार्लोसचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही म्हटल्यावर ती पडायला लागली.

तुमच्या वर्गातला ‘कार्लोस’ कोण होता? आठवून बघा. भेटू पुढच्या भागात!