बीड जिल्ह्यातील प्राथमिक भाषाशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे संस्थानाचा राज्यकारभार उर्दूतून चालू लागला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. परिणामी मराठी ही येथील बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा असूनही उच्च शिक्षणाची भाषा होऊ शकली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. माध्यमाचा प्रश्न सुटला. सातत्याचा मात्र सुटला नाही. दिवाळीच्या सुमारास अनेक मुले ऊसतोडणीस जाणाऱ्या पालकांबरोबर गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जोडाक्षरे व वाक्यलेखन यांचा सराव नेमका याच काळात खंडित होतो.

अशा विद्यार्थ्यांकडून परतल्यावर व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेणे निष्फळ ठरते. प्रथम वाचन, नंतर स्वतःच्या अनुभवावरील वाक्यरचना व त्या वाक्यांतूनच नाम, क्रियापद, विभक्ती यांची ओळख, हा क्रम अधिक उपयुक्त होय. पूर्वी शाळेची भाषा मुलापासून दूर होती; आज मूलच शाळेपासून दूर जाते. म्हणून भाषाशिक्षणाचे नियोजन करताना स्थलांतराचे वेळापत्रक विचारात घेणे अगत्याचे आहे.