सागाचे दप्तर : चांद्याच्या जंगलातील पावसाची नोंद (थ्रेड)

१/ भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याआधी चांदा जिल्ह्यात कोणत्या वर्षी किती पाऊस झाला, हे सांगणारे सरकारी कागद तुटपुंजे आहेत. मात्र पोंभुर्णा, बल्लारशाह, आलापल्ली या पट्ट्यातील सागाच्या खोडात एक दप्तर आहे. ते दुष्काळाचे दप्तर आहे का, हा खरा प्रश्न.

२/ साग पानगळीचा. उन्हाळ्यात पोंभुर्ण्याच्या रानात तो निष्पर्ण उभा असतो. पाऊस येताच पालवी फुटते आणि सालीखाली नवे लाकूड धरू लागते. आरंभी मोठ्या छिद्रांचे, पुढे दाट. ओल सरली की वाढ थांबते. पुढल्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ उमटते, तीच दोन वर्षांमधली सीमा. उष्ण कटिबंधातील बहुतेक झाडांत इतकी स्पष्ट वलये नसतात. अर्थात सागही कधी फसवतो : पावसाने मध्येच दीर्घ उघडीप दिली, तर एकाच वर्षात खोटे वलय पडते. त्यामुळे एका झाडावर विसंबता येत नाही. पोकळ गिरमिटाने अनेक झाडांतून पेन्सिलीएवढे नमुने काढून त्यांची वलये परस्परांशी जुळवावी लागतात. झाड त्याने मरत नाही.

३/ जावा बेटावरील सागाची १५१४ ते १९२९ ही मालिका बेर्लागे यांनी १९३१ मध्येच प्रसिद्ध केली. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील ह. प. बोरगावकर व सहकाऱ्यांनी केरळच्या सागातून ५२३ वर्षे मागे नेली. याच संस्थेचा आलापल्लीच्या सागावरील अभ्यास २०११ चा. त्यातून दिसते ते असे, की वलयाची रुंदी मुळांपाशी उपलब्ध असलेल्या ओलीशी निगडित असते.

४/ इथेच घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत होते. मध्य प्रांतांत १८९६ चा पाऊस आरंभी चांगला झाला आणि पुढे अकस्मात थांबला. लोंबीवर येणारा धान ऐन वेळी पाण्यावाचून गेला, १८९७ मध्ये दुष्काळ पडला. पण सागाची बरीचशी वाढ तोवर झालेली असू शकते! उलट १८९९ मध्ये मोसमी पाऊसच देशभर मोठ्या प्रमाणावर फसला. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही वर्षे सारखीच काळी. झाडाच्या लेखी तसे असेलच असे नाही. धानाला शेवटचे पाणी हवे, सागाला हंगामभराची ओल. शिवाय धान्याचे भाव, निर्यात, शेतसारा यांची नोंद कोणतेही खोड ठेवत नाही. अरुंद वलय म्हणजे कोरडे वर्ष, एवढेच म्हणावे. दुष्काळ हा शब्द महसुली कागद पाहूनच वापरावा.

५/ दप्तराची पाने फाटली, तीही इतिहासाच्याच ओघात. रेल्वे, पूल, इमारती यांना लाकूड हवे होते. जंगल खात्याच्या कार्य आयोजनांत ठराविक घेर भरलेले झाड तोडणीस पात्र ठरले. सर्वांत जुने झाड, म्हणजे सर्वांत लांब नोंद, तेच आधी गेले. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ हे जुन्या झाडांचे छोटेसे क्षेत्र तेवढे राखले गेले. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

६/ बल्लारशाहच्या डेपोत आजही सागाच्या लाकडाचे लिलाव होतात. तिथे घेर मोजतात, लांबी मोजतात. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरची वलये कुणी मोजत नाही.