मारहाण हे कर्तव्य ठरते का? सातारा, सांगली आणि कायद्याचे कवच

१९४३ साल. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा अंमल वाढत होता. क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते. त्यांचा आणि त्यांच्या साथीदारांचा माग काढण्यासाठी पोलीस कार्यकर्त्यांच्या घरच्यांना चौकीवर नेत. तिथे पुष्कळदा प्रश्न काठीनेच विचारले जात. (वाळवा, तासगाव, शिराळा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले.)

या मारहाणीला कायद्याची मुभा होती का? मुळीच नव्हती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३३० नुसार, कबुली किंवा माहिती उकळण्यासाठी इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. कलमाखाली समजुतीसाठी दिलेले पहिलेच उदाहरण पोलीस अधिकाऱ्याचे आहे! १८७२ च्या पुरावा कायद्याने तर पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरण्यासच मनाई केली. ठाण्यात काय चालते, हे इंग्रज कायदेकर्त्यांना पक्के ठाऊक होते.

संरक्षण होते ते न्यायालयाच्या उंबरठ्यावर. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ सांगे की, ज्या अधिकाऱ्याला सरकारच्या मंजुरीवाचून नोकरीतून काढता येत नाही, त्याच्यावर कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवण्यास सरकारची पूर्वमंजुरी हवी. युद्धकाळात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याने ‘सद्भावनेने’ केलेल्या कृतींनाही अभय दिले. म्हणजे ज्या सरकारने भूमिगतांमागे पोलीस लावले, दाद लागण्यासाठी त्याच सरकारची परवानगी मागायची. यातली मौज अशी की, काठी चालवणारा साधा शिपाई कलम १९७ च्या कवचाबाहेर होता. वरचा साहेब मात्र आत.

स्वातंत्र्य आले, प्रतिसरकारचे पुढारी आमदार-खासदार झाले, पण कलम १९७ राहिले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम १६१ ने त्यात मुदतीची भर घातली: पोलिसाने कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला ठरावीक अवधीतच दाखल व्हायला हवा. कबुलीसाठी संशयितांना कोंडून मारल्याचा आरोप असलेल्या पोलिसांनी याच मुदतीचा आधार घेतला. ते प्रकरण ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ च्या निकालसंग्रहात छापलेला हा निकाल मुळातून वाचावा असा आहे. चौकशी करणे हे पोलिसाचे काम खरे, पण त्यासाठी मारण्याचा किंवा बेकायदा डांबण्याचा अधिकार कोणत्याच कायद्याने त्याला दिलेला नाही. मग ते कृत्य कर्तव्याच्या आवरणाखाली येईलच कसे? मुदतीचे कवच त्या पोलिसांना लाभले नाही.

पण १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेने राज्य सरकारांना कलम १९७ चे संरक्षण सुव्यवस्था राखणाऱ्या दलांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये तशी अधिसूचना काढली. इंग्रजांच्या काळी बाहेर राहिलेला शिपाई अशा रीतीने स्वराज्यात कवचाच्या आत आला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत, लुटीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो पळून गेल्याचा बनाव रचून मृतदेह आंबोली घाटात जाळल्याचा आरोप पोलिसांवरच आला. त्यांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. मारहाण कर्तव्यात बसते का, हा जुना वाद. प्रेत जाळणे मात्र कोणत्या कर्तव्यात बसवायचे?

१ जुलै २०२४ पासून कलम १९७ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने घेतली आहे. परवानगीची अट कायम आहे. मात्र सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असे आता मानले जाते. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला अनुमोदन अद्याप दिलेले नाही.