नाशिक जिल्ह्यापेक्षा छोट्या देशाचं संगीत साठ वर्षं जगभर कसं टिकलं? स्का, रॉकस्टेडी आणि रेगेची गोष्ट

रेगे म्हटलं की मराठी माणसाला आधी पु. शि. रेगे आठवतात, नाहीतर २०१४ सालचा ‘रेगे’ हा सिनेमा. ज्यांना रेगे म्हणजे संगीत हे माहीत आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे टी-शर्टवरचा बॉब मार्ली येतो. पण मार्ली हा या गोष्टीचा एक भाग झाला. त्याच्या आधी स्का होतं, मग रॉकस्टेडी आलं आणि मग रेगे. या तिन्ही प्रकारांचे चाहते आजही लंडनपासून टोकियोपर्यंत आणि आपल्या गोव्यातही सापडतात.

यात आश्चर्य काय? तर हे संगीत ज्या देशात जन्मलं तो जमैका आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा छोटा आहे. जमैकाचं क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, नाशिक जिल्ह्याचं सुमारे साडेपंधरा हजार. जमैकाची लोकसंख्या सुमारे २८ लाख, तर २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्हा ६१ लाखांच्या पुढे होता. एवढ्याशा बेटाचं संगीत जगभर पोचलं आणि टिकलं, ते कसं?

सुरुवात झाली स्पीकरच्या भिंतीपासून

१९५० च्या दशकात राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर घेणं सगळ्यांना परवडत नव्हतं. महागड्या क्लबात या लोकांना जागा नव्हती. मग काही जणांनी मोठमोठे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड्स जमवून उघड्या मैदानात नाच ठेवायला सुरुवात केली. याला नाव पडलं साउंड सिस्टीम. या जागांना तिकडे ‘लॉन’ म्हणत. आपल्या नाशकात लग्नाची लॉन्स असतात, जवळपास तसंच. प्रवेशाचं तिकीट आणि बिअरची विक्री यावर धंदा चालायचा.

या धंद्यातले दोन मोठे प्रतिस्पर्धी म्हणजे ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. म्हणून डॉड अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डवरचं लेबल खरवडून काढायचा. गाणं कोणाचं आहे हे दुसऱ्याला कळायलाच नको!

पुढे अमेरिकेत रॉक अँड रोल आलं आणि किंग्स्टनच्या लोकांना आवडणारी जुन्या धाटणीची रिदम अँड ब्लूजची गाणी मिळेनाशी झाली. तेव्हा याच साउंड सिस्टीमवाल्यांनी गावातल्याच वादकांना बोलावून गाणी रेकॉर्ड करायला सुरुवात केली. म्हणजे इथे आधी ऐकणारे तयार झाले, आणि त्यांच्यासाठी मग संगीत तयार झालं. हे संगीत का टिकलं, याचं अर्धं उत्तर यातच आहे.

तिन्हींत फरक काय?

एक, दोन, तीन, चार असं मोजत टाळी वाजवून बघा. आपल्याकडे समेवर, म्हणजे ‘एक’वर, मान डोलते. जमैकन संगीतात गिटार आणि पियानो मुद्दाम त्याच्या मधल्या जागा पकडतात. ही उलटी ठेच तिन्ही प्रकारांत आहे. फरक पडतो तो वेगाचा आणि वजनाचा.

स्का हे सगळ्यात वेगवान. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा त्यात मान मोठा. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला तेव्हाच्या जल्लोषाचं हे संगीत. त्यातले अनेक वादक किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकले होते. ही शाळा कॅथलिक नन्स चालवायच्या आणि गरीब घरातल्या मुलांना बँडवादन शिकवायच्या.

१९६६ च्या सुमारास वेग उतरला आणि रॉकस्टेडी आलं. त्या उन्हाळ्यात उकाडा इतका होता की लोकांना वेगात नाचवेना, असं एक कारण सांगितलं जातं. पण स्वातंत्र्याचा पहिला जोश ओसरून बेकारी जाणवू लागली होती, हेही तितकंच खरं. ब्रास मागे गेलं, बेस गिटार पुढे आली आणि प्रेमगीतं बहरली. रॉकस्टेडीचा काळ जेमतेम दोन वर्षांचा, पण अनेक जाणकारांचा जीव सगळ्यात जास्त याच गाण्यांवर आहे.

१९६८ मध्ये टूट्स अँड द मेटल्सचं ‘डू द रेगे’ आलं आणि नव्या प्रकाराला नाव मिळालं. रेगेच्या गाजलेल्या ‘वन ड्रॉप’ तालात ‘एक’ चक्क रिकामा सोडतात आणि ड्रमचा ठोका ‘तीन’वर पडतो. त्या रिकाम्या जागेमुळेच अंग आपोआप हलतं. पुढे रास्ताफारी पंथाचा विचार, गुलामगिरीची आठवण आणि गरिबांचा राग हे सगळं रेगेच्या शब्दांत आलं.

एक भारतीय नाव, जे आपल्याला माहीतच नसतं

१८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर जमैकाला नेले गेले. ‘गांजा’ आणि ‘चिलीम’ हे शब्द त्यांच्याबरोबरच तिकडे पोचले. अशाच भारतीय वंशाच्या कुटुंबात जमैकात जन्मलेले ली गोप्थल पुढे लंडनला गेले आणि रेकॉर्डच्या धंद्यात उतरले. १९६८ पासून त्यांनी ट्रोजन रेकॉर्ड्स ही कंपनी नावारूपाला आणली. ‘ट्रोजन’ हे नाव मूळ ड्यूक रीडच्या साउंड सिस्टीमचं.

जमैकातून आलेले कष्टकरी या रेकॉर्ड्स घ्यायचेच, पण शेजारच्या गोऱ्या कामगार वस्तीतली पोरंही घेऊ लागली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ट्रोजन डबघाईला आली आणि नंतर मालक बदलत गेले. तरी तीच जुनी गाणी पुन्हा पुन्हा छापली जात राहिली, कारण मागणी थांबलीच नाही.

चाहत्यांनी संगीत कसं वाचवलं?

सगळ्यात बोलकं उदाहरण स्कॅटलाइट्सचं. १९६४ मध्ये जमलेला हा स्काचा सर्वांत नावाजलेला बँड जेमतेम सव्वा वर्ष टिकला. १९८३ मध्ये हे वादक पुन्हा एकत्र आले आणि पुढची कित्येक वर्षं जगभर फिरत राहिले. मधल्या अठरा वर्षांत त्यांच्या रेकॉर्ड्स लोकांच्या घराघरात वाजत होत्या. त्या काळात अनेक जमैकन कलाकारांना एका गाण्याचे थोडेसे एकरकमी पैसे मिळायचे, पुढच्या विक्रीतला वाटा नाही. अशा कित्येकांना उतारवयात मान आणि चार पैसे मिळाले ते परदेशातल्या या वेड्या चाहत्यांमुळे.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहराचं. १९७९ मध्ये जेरी डॅमर्सने तिथे टू टोन ही रेकॉर्ड कंपनी काढली. रस्त्यावर वर्णद्वेषी मोर्चे निघत होते त्या काळात ‘द स्पेशल्स’ आणि ‘द सिलेक्टर’ या तिच्या बँडमध्ये काळे आणि गोरे एकत्र वाजवत होते. १९८१ च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या अनेक शहरांत दंगली पेटल्या, तेव्हा स्पेशल्सचं ‘घोस्ट टाउन’ यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. विषय होता बेकारीने ओस पडलेलं शहर.

जपानमध्ये टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा १९८० च्या दशकापासून आजतागायत वाजवतोय. मेक्सिकोत तरुणांची एक आख्खी पिढी स्कावर वाढली. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण त्याच्या कितीतरी आधी चाहत्यांनी हा वारसा सांभाळायला घेतला होता.

तीच चाल, नवे शब्द

टिकण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे ‘रिडिम’. गाण्याचा बेस आणि ताल यांचा साचा म्हणजे रिडिम. एकच साचा घेऊन वेगवेगळे गायक त्यावर नवी गाणी रचतात आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. स्टुडिओ वनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी बनलेल्या ‘रियल रॉक’ या रिडिमवर आजवर शेकडो गाणी झाली आहेत. त्यामुळे नातवाला आवडलेल्या नव्या गाण्यात आजोबांना आपल्या तरुणपणाचं गाणं ऐकू येतं.

नाशिककरांना हे परकं वाटायला नको. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ मध्ये जन्मलेल्या वामनदादा कर्डक यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी विचाराची गाणी गायली. बड्या प्रचाराशिवाय ती तोंडोतोंडी पसरली. लोकांच्या ओठांवरच्या चाली घेऊन त्यात नवा विचार भरायचा, ही भीमगीतांची जुनी रीत. आज १४ एप्रिलला त्यातली गाणी ट्रकवरच्या स्पीकरमधून वाजतात आणि वामनदादांना कधी न पाहिलेली पोरं त्यावर नाचतात. किंग्स्टन आणि नाशिक यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण ज्यांना मोठ्या सभागृहात जागा नव्हती त्यांनी रस्त्यालाच सभागृह केलं, हे दोन्हीकडे सारखं आहे. अशा गाण्यांवरचं प्रेम फॅशनबरोबर जात नाही, कारण त्या गाण्यात माणसाची स्वतःची ओळख असते.

भारतात रेगे कुठे ऐकायला मिळतं?

१९९० च्या दशकात बर्मिंगहॅमचा पंजाबी वंशाचा गायक अपाची इंडियन याने रेगेची नवी धाटणी आपल्या घराघरात आणली. पुढे २००९ मध्ये दिल्लीत रेगे राजाज आणि द स्का व्हेंजर्स सुरू झाले. रेगे राजाजने २०१६ मध्ये गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू केला. नाव घेतलंय जमैकात १९७८ मध्ये सुरू झालेल्या रेगे सनस्प्लॅशवरून.

ऐकायला सुरुवात कुठून करायची?

या क्रमाने ऐका, म्हणजे बदल कानाला कळेल:

१. मिली स्मॉल – ‘माय बॉय लॉलीपॉप’ (१९६४). स्काला जगभर पोचवणारं गाणं.
२. स्कॅटलाइट्स – ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’. ब्रासची खरी मजा.
३. आल्टन एलिस – ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’. रॉकस्टेडीचा गोडवा.
४. टूट्स अँड द मेटल्स – ‘प्रेशर ड्रॉप’. रेगेची सुरुवातीची धग.
५. बर्निंग स्पीअर – ‘मार्कस गार्व्ही’ (१९७५). रेगेतला इतिहास.
६. द स्पेशल्स – ‘घोस्ट टाउन’ (१९८१). इंग्लंडमध्ये गेल्यावर काय झालं ते.

एकच काळजी घ्या. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. या गाण्यांचा जीव बेसमध्ये आहे आणि तो मोबाईलमध्ये ऐकूच येत नाही. हेडफोन लावा, नाहीतर मित्राच्या गाडीत बसा.