गोराईचा ‘थाई मनोरा’

२३. *थाई मनोरा:* विक्रोळीची मंडळी दादरला गाडी बदलून बोरिवली गाठतात आणि लाँचने खाडी ओलांडून ज्या सोनेरी शिखरापाशी उतरतात, तो गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा. लेखक त्याला थाई म्हणतात. प्रत्यक्षात त्याची घडण ब्रह्मदेशी आहे. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याचा नमुना समोर ठेवून तो बांधला गेला. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका यांनी आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्या ऋणाची ही फेड केली. उद्घाटन फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. थायलंडचा संबंध अगदीच नाही असेही नव्हे: कळसावर खरे सोने आहे, पण बाकी भागाचा सोनेरी रंग तिथूनच आणलेला.

उंची सुमारे ३२५ फूट असली, तरी वर चढून मुंबई पाहण्याची सोय इथे नाही. आत एकही खांब नसलेला दगडी घुमट आहे. दगड एकमेकांत खाचा अडकवून बसवले आहेत. त्याखाली सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात. इतरांनी काचेआडून पाहायचे.

शहर न्याहाळण्यासाठी बांधलेला थाई मनोरा पाहायचा, तर थायलंडच्या ईशान भागातल्या रोई एत शहरी जावे लागेल. तिथला १०१ मीटरचा मनोरा ‘वोट’ या बांबूच्या नळ्या गोलाकार बांधून केलेल्या स्थानिक सुषिरवाद्याच्या आकाराचा आहे. — संपा.