नकाशावरील निनावी दफनभूमी : शोध व ओळख

वंशावळीचा अभ्यास करणाऱ्यास एक अडचण हमखास येते. पूर्वजांचे गाव ठाऊक असते, आडनाव ठाऊक असते. पण नकाशा उघडला की तेथे दफनभूमीची केवळ खूण दिसते, नाव दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत मंदिर, मशीद, चर्च, छत्री, थडगे व कबरी यांना स्वतंत्र सांकेतिक चिन्हे आहेत. ती कबर कोणत्या समाजाची वा कुटुंबाची, हे मात्र बहुधा लिहिलेले नसते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके समोर ठेवून या शोधाची रीत पाहू.

प्रथम योग्य पत्रक हाती यावे लागते. अठरा अंशांची अक्षांशरेषा महाड व पोलादपूर या दोन गावांच्या मधून जाते. त्यामुळे जुन्या क्रमांकपद्धतीनुसार महाड ४७ एफ/८ या पत्रकात, तर पोलादपूर ४७ जी/५ या पत्रकात येते. एकच पत्रक पाहून ‘येथे काही नाही’ असा निष्कर्ष काढणारे अभ्यासक पुष्कळ भेटतात! शिवाय १:५०,००० या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अर्ध्या एकराची दफनभूमी तेथे एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणून पुढची पायरी गावनकाशाची. भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशावर गट क्रमांक असतात. त्या क्रमांकाचा सातबारा काढला की जमीन स्मशानभूमी, दफनभूमी वा कब्रस्तान म्हणून नोंदली आहे काय, हे कळू शकते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये अशा प्रयोजनांसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते व जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून तिचा अन्य वापर करता येत नाही. नोंद नसलेल्या जागेला हे संरक्षण सांगता येत नाही. रस्तारुंदीकरणात ती केव्हा गेली, हेही कोणास उमगत नाही.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १६७० साली कोंढाणा घेताना ते पडले आणि त्यांचा देह घाट उतरवून गावी आणला गेला. ज्या वाटेने तो आणला, तिला त्यावरूनच मढेघाट नाव पडले, अशी लोकपरंपरा आहे. नकाशावरील असे स्थलनाम हा मोलाचा धागा असतो. तथापि तो स्मृतीचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे, हा विवेक राखावा. तानाजींची समाधी नावानिशी सापडते, कारण त्यांची कीर्ती मोठी. सामान्य वीराचा वीरगळ गावाच्या वेशीवर उभा असला, तरी त्यावर बहुधा नाव कोरलेले नसते. तेथे गावातील वृद्ध व कुळाचा भाट हेच आधार.

निनावी जागा कोणत्या समाजाची, हे कबरींच्या मांडणीवरून बरेच कळते. आपल्याकडे किब्ला पश्चिमेस असल्याने मुस्लिम कबरी उत्तर-दक्षिण असतात. ख्रिस्ती परंपरेत डोके पश्चिमेस व पाय पूर्वेस ठेवण्याची जुनी रीत आहे. मात्र जागेच्या टंचाईमुळे ती सर्वत्र पाळली गेलेली नाही. लिंगायत समाजात देह बसत्या स्थितीत पुरतात, त्यामुळे लांबट कबरी तेथे शोधू नयेत. उपग्रहचित्र पाहायचे तर फेब्रुवारी ते मेमधील पाहावे. पावसाळ्यानंतर कोकणात गवताखाली सारे झाकले जाते. रायगडच्या बेने इस्राएल समाजाची रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे तर गावच सांगतात. तेथे शोध आडनावापासून सुरू करावा.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी धर्मग्रामाची मृत्यूनोंदवही हा मुख्य आधार होय. दफनविधीनंतर नोंद करावी, असे धर्मसंहितेचे ११८२ वे कलम सांगते. कबरीवरचा क्रूस कोसळला तरी वहीतील ओळ राहते. सावित्री नदी पोलादपूर व महाडवरून जेथे समुद्राला मिळते, ते बाणकोट १७५६ साली इंग्रजांकडे गेले. अशा ठिकाणच्या युरोपीय दफनांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी पाहाव्यात. १९७६ साली स्थापन झालेली दक्षिण आशियातील दफनभूमींसाठीची ब्रिटिश संस्थाही शिलालेखांच्या याद्या राखते.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. शोधकार्य थांबले तेव्हा काही देह हाती आलेलेच नव्हते. तीन पिढ्यांनंतर त्या कुटुंबांतील कोणी नकाशा उघडील, तेव्हा त्या उतारावर त्यास काय दिसावे?

स्थळ सापडले की अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत टिपावेत. चूक साधारण मीटरभराची राहते. सोबत गट क्रमांक, भेटीची तारीख आणि माहिती कोणी सांगितली, हे लिहावे. संबंधित समाजाची परवानगी घेऊनच आत जावे. अक्षरे वाचण्यासाठी दगडावर आम्ल वा तारेचा ब्रश मुळीच वापरू नये. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे, झिजलेली अक्षरेही त्यात उठून दिसतात.